तळव्यावरची थरथर

हिवाळ्यातल्या तापाने चांगुणाबाईंचे दोन्ही कान गेले. "आई, यंदा घरीच बसा," असं सुनेने, निर्मलाने, हातवारे करून सांगितलं आणि हायवेलगतच्या कलिंगडांच्या मांडवात ती एकटीच बसू लागली.

तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई तिला जेवण द्यायला आल्या, तेव्हा एक ट्रकवाला तिच्यावर ओरडत होता. कालचं कलिंगड पांढरंफटक निघालं होतं. फोड त्याच्या हातातच होती.

चांगुणाबाईंनी एक कलिंगड मांडीवर घेतलं. एका बाजूला डावा तळवा टेकवला, दुसऱ्या बाजूने थाप मारली आणि ते खाली ठेवलं. दुसरंही ठेवलं.

"यांना ऐकू येत नाही ना? मग वाजवून काय कळणार?" ट्रकवाल्याने निर्मलाला विचारलं.

चांगुणाबाईंनी तिसरं पुढे सरकवलं. "काप गं. पांढरं निघालं तर या मांडवात पुन्हा पाय ठेवणार नाही."

सुरी टेकताच कलिंगड तडकलं. आत लालभडक. ट्रकवाल्याने उभ्याउभ्याच फोड खाल्ली आणि म्हणाला, "मावशी, अजून दोन तुम्हीच निवडा."

तो गेल्यावर चांगुणाबाईंनी निर्मलाचा तळवा एका कलिंगडाला लावला आणि पलीकडून थाप मारली. "पिकलेलं असलं की थरथर हातापर्यंत येते. आली?"

निर्मलाने डोळे मिटून पाहिलं. "नाही आली."

चांगुणाबाईंनी ते तिच्या ओठांवरून ओळखलं. "मग दुसरं घे," त्या म्हणाल्या आणि तिच्या शेजारी ऐसपैस मांडी घालून बसल्या.