स्क्रीनवरची खुर्ची

नायजेरियातून मेलबर्नला आलेल्या योरुबा समाजाच्या म्हाताऱ्यांपर्यंत लशीची माहिती त्यांच्या भाषेत पोचतच नव्हती. कौन्सिलच्या कोविड समितीवर आपला माणूस हवा, हे मोरेनिके झूमवर मांडणार होती. तिचं नाव पुकारलं गेलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात समाजातले सर्वांत वडीलधारे बाबा अकिन दिसले आणि रीतीप्रमाणे बोलण्याआधी तिने त्यांच्यासाठी गुडघे टेकले. कॅमेऱ्यापुढे नुसती खुर्ची उरली. “गेल्या वाटतं,” अध्यक्ष म्हणाले. “नो वरीज. समितीवर आफ्रिकेकडून सुदानचे एक गृहस्थ आहेत की. पुढचा विषय.” ती धडपडत उठली. “मी इथेच आहे. बाबांना नमस्कार करत होते.” “तो मीटिंगनंतर करायचा, मेट. विषय संपला.” कुणीतरी हसलं. तेवढ्यात बाबांनी माइक उघडला. “पोरी, आता बसू नकोस. खुर्ची बाजूला सार, उभ्यानेच बोल. हे लोक ऐकेपर्यंत मलाही नमस्कार करायचा नाही.”