यादीबाहेरचं वजन

"कोप्यांवरच्या पोरांची वजनं घेऊ नगा, ताई, गावाचा आकडा बिघडंल," अंगणवाडीच्या लीलाबाईंनी बजावलं होतं. सरपंच संयोगितानं ते हसण्यावारी नेऊन ऊसतोडकऱ्यांच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, वजनकाटा टांगला. तिथली दीड वर्षांची मुलगी संयोगिताच्या आठ महिन्यांच्या लेकापेक्षा हलकी भरली. परगावची म्हणून अंगणवाडीच्या यादीत नाव नाही, आहार नाही. आज पोषणधोरणाच्या ऑनलाइन बैठकीत दिल्लीच्या अधिकारी मॅडमनी कौतुक केलं, "गावात कुपोषित मुलं शून्य!" संयोगितानं माइक सुरू केला. "शून्य नाही, मॅडम, एक आहे. मूल राहील तिथं नाव घ्यावं, असा आमच्या ग्रामसभेनं परवाच ठराव केलाय." "अगं बया, शून्य कुपोषणाचं बक्षीस गेलं!" लीलाबाई पुटपुटल्या. मॅडम म्हणाल्या, "नाव आजच लिहा, ठराव धोरणासाठी मांडते." दुपारी त्या पोरीनं आहारातल्या खिचडीची वाटी चाटूनपुसून संपवली. तुमच्या शिवारात कोपी असेल, तर तिथल्या बाळाचं वजन झालंय का, विचारून या.