दोन बोटं बाहेर

“आउट!” रेषापंच ओरडला आणि त्याचा हात खांद्यातून ताठ बाजूला गेला.

 स्टेडियममध्ये एकच बोंब उठली. तो मॅच पॉइंट होता. पुरुषांच्या सांघिक टेनिस स्पर्धेची उपांत्य फेरी. दोन्ही देशांनी दोन-दोन लढती जिंकल्या होत्या, पाचवी चालू होती, आणि घरचा लाडका खेळाडू विजयापासून एका गुणावर उभा होता. त्याचा फटका रेषेला नुसता चाटून गेला असता, तरी देश पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला असता. रेषापंचही याच देशाचा. त्यालाही तेच हवं होतं. पण चेंडू बाहेर पडला होता. चांगला दोन बोटं बाहेर.

“आत होता! आत होता!” खेळाडूनं रॅकेट आपटली. परदेशी मुख्य पंचानं रेषापंचाकडे पाहिलं. त्याचा हात तसाच ताठ होता. निर्णय कायम राहिला.

खेळाडूचं डोकं फिरलं ते फिरलंच. पुढच्या तासाभरात हातातला सामना गेला, आणि सामन्याबरोबर करंडकाची आशाही. रेषापंचाला मागच्या दारानं बाहेर काढावं लागलं. तरी एक पाण्याची बाटली त्याच्या पाठीत बसलीच.

चेंडू नेमका कुठे पडला ते दाखवणारं तपासणीचं यंत्र त्या जुन्या कोर्टावर नव्हतं. टीव्हीवाल्यांनी तो फटका शंभरदा दाखवला, पण कॅमेरा उलट्या बाजूला होता. त्यात ज्याला जे हवं ते दिसायचं. सगळ्यांना एकच हवं होतं.

रेषापंचाचं काम हा काही त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. तो टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायचा, आणि सुट्टीच्या दिवशी बावीस वर्षं रेषेवर डोळा ठेवून उभा राहायचा. आता पोत्यांतून त्याच्याच नावाची पत्रं निघू लागली. लोकांनी त्याला घातलेल्या शिव्या त्यानं स्वतःच्या हातानं निवडायच्या आणि स्वतःच्याच खणात टाकायच्या. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं त्याला एक भिंग आणून दिलं. सगळे पोट धरून हसले. तोही हसला. न हसून सांगतो कोणाला?

बोलायची तर सोयच नव्हती. रेषापंचानं आपल्या निर्णयाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा नियमच होता. चौथ्या दिवशी संघटनेचं पत्र आलं. पुढील सूचना मिळेपर्यंत त्याचं नाव यादीतून काढलं होतं.

बायको बाजारात जाईनाशी झाली. एकदा जेवताना तिनं हळूच विचारलं, “अहो, तुम्ही खरंच नीट पाहिलंत ना?”

बाटली लागली होती त्यापेक्षा हे जास्त लागलं. त्यानं ताट बाजूला सारलं.

दहाव्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. मागोमाग आणखी दोन, कॅमेरेवाल्यांच्या. खेळाडू स्वतः आला होता, हातात भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन. बायकोची तारांबळ उडाली. ती पाणी आणायला आत पळाली. खेळाडूनं कॅमेरेवाल्यांना बाहेरच थांबवलं आणि दार लोटून घेतलं.

खोलीत दोघंच उरले. खेळाडू खुर्चीच्या कडेवर टेकला. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा फारच लहान वाटत होता.

“काका,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “चेंडू बाहेर होता.”

रेषापंचानं आपली खुर्ची पुढे ओढली.

“जाळीच्या अलीकडून ती रेषा माझ्या अगदी नाकासमोर होती. मला स्वच्छ दिसला. तोंडातून ‘आत होता’ निघून गेलं, आणि मग सगळं स्टेडियमच तसं ओरडायला लागलं. आता ते मागे कसं घेऊ? लोक मला फाडून खातील.” त्याचे डोळे भरून आले होते. “तुमच्यापाशी तरी खरं बोलावं म्हणून आलो. रात्र-रात्र झोप लागत नाही हो.”

रेषापंचाच्या छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलल्यासारखं झालं. आपले डोळे शाबूत होते. हे ऐकणारा दुसरा कोणी खोलीत नव्हता, तरी त्या घटकेला तेवढंही पुष्कळ वाटलं. त्यानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

बायको पाणी घेऊन आली. खेळाडूनं ते घटाघट प्यायलं, डोळे पुसले, आणि रेषापंचाला धरून बाहेर नेलं. कॅमेरे सरसावले. पुष्पगुच्छ रेषापंचाच्या हातात आला आणि खेळाडूचा हात त्याच्या गळ्यात.

“चूक माणसाच्याच हातून होते,” खेळाडू मोठ्यानं म्हणाला. “काकांच्या हातून झाली. मी त्यांना मनापासून माफ केलंय. आता तुम्हीही करा.”

टाळ्या पडल्या. समोरच्या गॅलरीतूनही पडल्या. रेषापंचानं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर बायकोकडे गेली. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. ती पदरानं डोळे टिपत होती.

“बघा तरी किती मोठ्या मनाचा मुलगा!” ती त्याच्या कानाशी कुजबुजली. “अहो, आभार तरी माना त्यांचे.”

सगळे कॅमेरे त्याच्याकडे वळले.

“आभारी आहे,” रेषापंच म्हणाला.