लॅमिनेशन केलेला ईसीजी

"जुना ईसीजी आणलाय का?" मी विचारलं. झटका येऊन गेलेल्या पेशंटचे ठोके मागच्या पट्टीशी ताडून बघावे लागतात.

मल्लिकार्जुनआप्पांच्या बायकोनं, चन्नम्माकाकूंनी, पिशवीतून तो काढला. "खराब हुईल म्हणून मंगळवार पेठेत लॅमिनेशन करून घेतलं की."

या कागदाला उष्णता चालत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. अख्खा कागद काळा पडला होता. ठोक्यांची रेघ मात्र त्यावर पांढरीशुभ्र दिसत होती. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आप्पांना झोपवून मी वायरी लावल्या. नवी पट्टी निघू लागली. तीन सरळ ठोके, एक वेडावाकडा, दोन सरळ, मग लागोपाठ दोन वेडेवाकडे.

काळ्या कागदावर हेच ठोके, याच क्रमानं होते. तो कागद महिन्यापूर्वीचा होता.

"बरं हाय न्हवं?" आप्पांनी हसत विचारलं.

मी काळ्या कागदाचं टोक बघितलं. तिथं रेघ सपाट झाली होती, आणि त्याआधी चारच ठोके उरले होते.

नव्या पट्टीवर त्यातला तिसरा उमटला.