खांद्यावरची लाल टिकली

"माझ्या पद्धतीनं रांग लावा, एकाही म्हाताऱ्याला मिसळीसाठी ताटकळावं लागणार नाही," सोसायटीच्या मिसळ पार्टीचं ठरत असताना उपासनी सर म्हणाले. इंटरनेट कंपन्यांच्या इंजिनिअरांना ते ट्रेनिंग द्यायचे: डेटाला लेबल लावा, महत्त्वाचा आधी सोडा. सोसायटीत मात्र कुणाला साधा नमस्कार करत नसत.

"लागली पैज," शेजारचा गायधनी म्हणाला. "हरेल त्यानं कपाळाला टिकली लावून गेटवर उभं राहायचं, येईल-जाईल त्याला सलाम ठोकायचा." सर तुच्छतेनं हसले. गायधनी मनात म्हणाला, याची सगळी अक्कल फळ्यावरच.

रविवारी सरांनी फर्मान काढलं: म्हाताऱ्यांनी खांद्यावर लाल टिकली चिकटवावी, टिकलीवाल्यांना मिसळ आधी. पातेलं उघडलं आणि अख्खी सोसायटी खांद्यावर लाल टिकली लावून पार्किंगमध्ये उतरली. गायधनीनं सकाळीच घरोघर टिकल्या वाटल्या होत्या. ढकलाढकलीत रस्सा सांडला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा रिकामी वाटी घेऊन परतले.

"ही फसवणूक आहे," सर ओरडले.

त्यांची बायको पाव खात म्हणाली, "अहो, क्लासात तुम्हीच शिकवता ना, गिऱ्हाईकानं स्वतः लावलेलं लेबल खरं धरायचं नाही, दारातच तपासायचं?"



संध्याकाळी सर कपाळाला टिकली लावून गेटवर उभे राहिले. गायधनी कोथिंबीर आणायला निघाला. सरांनी सलाम ठोकला. परत आला, पुन्हा ठोकला. जिन्यापाशी पोचून गायधनीनं पिशवीत डोकावलं.

"अरेच्चा," तो वळला, "लिंबू राहिलं की."