हानोईतला साधा भात

"शेंगदाणे अजिबात नाहीत," वेटर म्हणाला. हानोईतल्या त्या हॉटेलात केतकीने भाजीच्या नूडल्सची ताटली पुढे ओढली.

"थांब," शेजारच्या सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताटलीतला रस बोटावर घेऊन चाखला.

केतकीने ताटलीवरचा हात मागे घेतला. लग्नानंतरच्या पहिल्याच चतुर्थीला, "कसली मेली ॲलर्जी, नखरे सगळे," म्हणत याच बाईंनी तिच्या खिचडीत दाण्याचा कूट घातला होता. केतकी आयसीयूतून वाचून आली. त्यावर घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

"दाणे आहेत यात, वाटून घातलेत," सासूबाई म्हणाल्या. वेटर मान्य करेना, तेव्हा त्यांनी आचाऱ्यालाच बोलवायला लावलं. सॉसमध्ये थोडे असतात, तो ओशाळून म्हणाला.

दोघींसाठी साधा भात आला. सासूबाई साबणाने हात धुऊन आल्या, पण भाताला शिवल्या नाहीत.

"त्रास झाला तर टोचायची ती सुई तुझ्या पर्समध्ये असते ना? काढ. कशी टोचायची, ते मला शिकव."

"आई, भात निवतोय."

"निवू दे. त्या दिवशी मी नुसती बघत उभी होते."