जोडकाका

शिडी कुणाची, यावरून माझ्या दोन्ही काकांचं बोलणं सहा वर्षं बंद आहे. आजीच्या वाढदिवसाला फोटो काढतानाही ते दोन टोकांना जाऊन उभे राहिले, म्हणून अख्खं खानदान मला तुकड्यातुकड्यानं टिपावं लागलं.

तुकडे जोडायला दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. पहिल्यानं काम चोख केलं. थोरले काका या टोकाला, धाकटे त्या टोकाला. दुसऱ्यानं मात्र घोळ घातला. आजीनं दोघांना एकाच ताग्यातले शर्ट शिवून दिले होते आणि नाकं तर जन्मापासूनच सारखी. त्याला वाटलं, माणूस एकच आहे. त्यानं दोघांना सांधून मधोमध एकच काका उभा केला.

टीव्हीवर तो फोटो लागला तसे दोघेही खुर्च्या सोडून पडद्यापाशी आले.

"मिशी माझी आहे," टकले थोरले काका म्हणाले.

"असेल. पण केस माझे आहेत," धाकटे काका म्हणाले.



आजीनं मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "ते पहिलं सॉफ्टवेअर काढून टाक. हेच नीट चालतंय."